कायद्यात इस्लापूर, मेलबर्नमध्ये हैदराबाद : विस्मृतीत गेलेल्या बचावपटूंविषयी

भारतीय संसदेने केलेल्या एका कायद्यात माझ्या गावाचे नाव आहे. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६. नव्या मुंबई राज्यात कोणकोणता प्रदेश समाविष्ट होणार, हे सांगणाऱ्या आठव्या कलमात नांदेड जिल्ह्याच्या जोडीने आदिलाबाद जिल्ह्यातील तीन तुकड्यांची नोंद आहे : किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल. त्याच ओळीत उलट दिशेने गेलेले भागही आहेत. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल, मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले नांदेडमधून वगळली गेली, ती आज तेलंगणात आहेत. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी हैदराबाद नावाचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले, आणि आदल्या रात्री हैदराबाद राज्यात झोपलेले इस्लापूर सकाळी मुंबई राज्यात जागे झाले.

मित्रांनो, इथपर्यंतचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आता त्यापुढची एक तारीख पाहा. १ डिसेंबर १९५६, म्हणजे बरोबर एक महिन्यानंतर, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. आशियातील कोणताही संघ त्यापूर्वी तिथवर पोहोचला नव्हता. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशाने शिक्षक. संघातले अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम हे सारे हैदराबाद-सिकंदराबादच्या मैदानांवर घडलेले. ज्या राज्याचे हे खेळाडू, ते राज्य त्यांच्या सामन्याच्या वेळी अस्तित्वातच नव्हते.

माझे म्हणणे असे, की हा इतिहास आपलाही आहे. किनवट, नांदेड, लातूर, बीड येथल्या तरुणांनी तो तेलंगणाचा किंवा केवळ हैदराबाद शहराचा म्हणून सोडून देऊ नये. हा धागा त्या संघातल्या ज्या माणसांविषयी आहे, ती दुहेरी विस्मृतीत गेली आहेत. एक तर त्यांचे राज्य गेले, आणि दुसरे म्हणजे ती बचावपटू होती.

दुसरे कारण आधी घेतो, कारण ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक छळणारे आहे.

आपली साधने काय नोंदवतात, यावर आपण काय लिहू शकतो हे ठरते. महसुलाच्या दप्तरात जमीन सापडते, ती कसणाऱ्या बाईचे नाव सापडत नाही. फुटबॉलचे दप्तर म्हणजे गुणफलक. त्यात गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, हे असते. जो गोल झालाच नाही, तो कोणामुळे झाला नाही, यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. बचावपटूचे सारे आयुष्य त्या नसलेल्या रकान्यात जाते.

हे केवळ आपल्याकडचे दैन्य नव्हे. नॉर्वेचा योन आर्ने रीसे घ्या. त्याचे सामने चित्रित झाले, मोजले गेले, जतन केले गेले. नॉर्वेसाठी ११० आंतरराष्ट्रीय सामने, २००१ ते २००८ अशी लिव्हरपूलमधील सात वर्षे, पुढे रोम आणि लंडन. उतरत्या काळात २०१५ मध्ये दिल्लीकडून व २०१६ मध्ये चेन्नईकडून तो आपल्या इंडियन सुपर लीगमध्येही खेळून गेला. डाव्या बगलेवर त्याने किती चढाया रोखल्या असतील! पण सामान्य चाहत्याला विचारा. २००५ च्या इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या पहिल्या गोलसाठी त्याने दिलेला चेंडू आठवतो, त्याच रात्री त्याची हुकलेली पेनल्टी आठवते, आणि एप्रिल २००८ मध्ये चेल्सीविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी त्याने आपल्याच जाळ्यात डोक्याने मारलेला चेंडू तर हटकून आठवतो. सगळे प्रसंग गोलाच्या भोवतीचे. मधली शेकडो तासांची राखण कुठे गेली?

आपल्याकडेही तेच. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक म्हटले की जर्नेलसिंगांचे नाव येते. जर्नेलसिंग त्या काळातील आशियातील उत्तम बचावपटूंपैकी एक. पण आठवण कोणती? डोक्याला टाके पडलेले असताना रहीम साहेबांनी त्यांना आघाडीला खेळवले आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला, ही. बचावपटू अमर झाला तो बचाव सोडून पुढे गेला म्हणून.

अगदी आजचे, मराठी उदाहरणही घेता येईल. मुंबईचा राहुल भेके. मार्च २०१९ च्या सुपर लीग अंतिम सामन्यात जादा वेळेच्या ११७ व्या मिनिटाला त्याने गोल करून बेंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्या गोलमुळे मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवला. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला हरवून त्याने कर्णधार म्हणून करंडक उचलला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत-मलेशिया सामन्यात भारताची बरोबरी साधणारा गोलही त्याचाच. तो सामना, योगायोग पाहा, हैदराबादला झाला होता. मी भेकेवर लिहिताना नकळत त्याचे गोलच मांडले, हे तुमच्या लक्षात आले असेल. साधनांची ही ओढ इतकी बळकट असते.

आता अझीझुद्दीन यांच्याकडे येऊ. सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन, हैदराबाद सिटी पोलीस संघाचे बचावपटू. १९५२ च्या हेलसिंकी आणि १९५६ च्या मेलबर्न अशा दोन्ही ऑलिंपिक संघांत ते होते. या दोन स्पर्धांच्या मध्ये भारतीय बचावाचा जो कायापालट झाला, तो समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कारकिर्दीचे मोल कळत नाही.

जुन्या पद्धतीत संघाची मांडणी २-३-५ अशी असे. गोलरक्षकापुढे दोनच बचावपटू, त्यांच्यापुढे तिघे, आणि पाच जण आघाडीवर. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. त्यापूर्वी आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यात प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते, ते आता दोनच पुरू लागले. चढाई सोपी झाली, गोल वाढले, आणि इंग्लंडमध्ये आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतला एक खेळाडू मागे ओढून तिसरा बचावपटू उभा केला. जगभर हा बदल पसरला. भारत मात्र दोन बचावपटूंवरच विसंबून राहिला. त्यात आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत.

१९५२ मध्ये हेलसिंकीला याची किंमत मोजावी लागली. युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. दहा गोल! बचावपटूच्या नशिबी येणारा लौकिक तो हाच. गुणफलकावर तो फक्त अशा वेळी दिसतो, आणि तोही आकड्याच्या रूपाने.

चार वर्षांनंतर मेलबर्नला उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच. तोवर भारतीय खेळाडूंच्या पायात बूट आले होते आणि रहीम यांनी संघाची मांडणी पार बदलली होती. सामन्यात पहिला गोल भारताने केला, नेव्हिल डिसूझा यांनी. शेवटी १-४ अशी हार झाली, पुढे बल्गेरियाविरुद्ध कांस्यपदकाचा सामनाही गमावला, आणि भारत चौथा राहिला. नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेले तीन गोल सर्वत्र सांगितले जातात, आणि ते सांगितलेच पाहिजेत. पण १०-१ ते ४-१ हे अंतर कापले कोणी? आघाडीपटूंनी दोन्ही वेळा एकच गोल केला होता. बदल झाला तो दुसऱ्या टोकाला. माझ्या मते मेलबर्नच्या कथेचा खरा नायक तो दुसरा आकडा आहे, आणि त्या आकड्यामागे अझीझुद्दीन यांच्यासारखी माणसे आहेत.

रहीम यांच्या शिकवण्याविषयी दोन गोष्टी इथे सांगण्याजोग्या आहेत. मुलांसाठी ते अशा स्पर्धा घेत ज्यांत ड्रिब्लिंगला, म्हणजे चेंडू एकट्यानेच खेळवत पुढे नेण्याला, मनाई असे. चेंडू लगेच सोडावा लागे. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत खेळाडूने आपल्या कच्च्या पायानेच चेंडू मारायचा. उजव्या पायाचा मुलगा असेल तर डावा पाय. शाळामास्तराचे डोके म्हणतात ते हे. कच्चा विषय पक्का केल्याशिवाय वरच्या वर्गात घालायचे नाही. बचावपटूला याचा लाभ सर्वाधिक, कारण चेंडू कोणत्या पायावर येणार हे त्याने ठरवायचे नसते, ते प्रतिस्पर्धी ठरवतो.

आता पहिल्या कारणाकडे, राज्याकडे वळतो. इथे विषय नाजूक होतो.

हैदराबाद सिटी पोलीस हा पन्नासच्या दशकातला देशातील सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक. मुंबईच्या रोव्हर्स करंडकावर त्यांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नाव कोरले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पुन्हा सुरू झालेली ड्युरंड स्पर्धा त्यांनी त्याच वर्षी मोहन बागानला हरवून जिंकली. तारीख लक्षात घ्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत या संघाचा दबदबा मुंबई-दिल्लीपर्यंत पोहोचला होता. आणि तेव्हा नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे जिल्हे त्याच राज्यात होते. तो आपल्या राजधानीचा संघ होता.

मग आपल्या आठवणीत तो का नाही? मला वाटते, उत्तर त्या संघाच्या नावातच आहे. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीसमोर ‘हैदराबादचे पोलीस’ असे शब्द उच्चारून पाहा. त्यांना फुटबॉल आठवणार नाही. रझाकार आठवतील, जप्त्या आठवतील, रात्री गाव सोडून वऱ्हाडात पळालेली कुटुंबे आठवतील. पैनगंगेच्या काठावरच्या गावांना पलीकडचा तीर म्हणजे निजामी हद्दीबाहेरचा मोकळा श्वास होता. सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला जाणाऱ्या आजच्या पर्यटकाला तिथे फक्त पाणी दिसते, पण ती नदी एका संस्थानाची सीमा होती. अशा प्रदेशाने ‘सिटी पोलीस’ नावाच्या संघाला आपले म्हणावे, ही अपेक्षा त्या पिढीकडून करणे क्रूरपणाचे झाले असते.

आपल्या पिढीची गोष्ट वेगळी आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला समाजमाध्यमांवर जी जुंपते, ती तुम्ही पाहिली असेल. एका बाजूला निजामी काळाचे सोनेरी वर्णन, दुसऱ्या बाजूला त्या राज्यातले सारेच काळेकुट्ट. पहिली बाजू मला सरळसरळ अनैतिहासिक वाटते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा एका दडपशाहीविरुद्ध होता, यात शंका घेण्यास जागा नाही. पण दुसरी बाजू राजवट आणि रयत यांची गल्लत करते. निजामाची सत्ता उलथली, म्हणजे त्या राज्यात जन्मलेला शिक्षक, हवालदार, बचावपटू उलथला असे होत नाही. अझीझुद्दीन आणि इस्लापूरचा शेतकरी एकाच राजवटीचे रयत होते आणि २६ जानेवारी १९५० पासून एकाच प्रजासत्ताकाचे नागरिक. लढ्याचा अभिमान बाळगणाऱ्याला त्या संघाचा अभिमान बाळगता येणार नाही, असा कोणताही तर्क मला अद्याप पटलेला नाही.

इथे संतोष करंडकाचा एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. राज्यांच्या संघांमधली ही राष्ट्रीय स्पर्धा. १९५६-५७ च्या हंगामात अंतिम फेरीत हैदराबाद विरुद्ध मुंबई अशी गाठ पडली आणि हैदराबादने बाजी मारली. १९५७-५८ मध्ये पुन्हा तीच गाठ, पुन्हा हैदराबादच विजयी. आता विचार करा, इस्लापूरच्या एखाद्या फुटबॉलवेड्या तरुणाने कोणाच्या बाजूने उभे राहायचे होते? कायद्याने तो मुंबई राज्याचा. त्याच्या घरातले जमिनीचे कागद उर्दूत, पैशांच्या गोष्टींत अजून हाली शिक्क्याची भाषा, मोठ्या दवाखान्याची वाट हैदराबादची. आणि ज्या हैदराबाद राज्याच्या नावाने संघ जिंकत होता, ते राज्य तर कायद्याने संपलेले! मैदानावर ते नाव मात्र जिवंत होते. राज्ये अधिसूचनेने संपतात, संघ तसे संपत नाहीत.

आता ज्यांच्याविषयी मला सर्वांत आस्था आहे, त्या माणसाकडे येतो.

सय्यद नईमुद्दीन यांचा जन्म १९४४ चा, हैदराबादचा. विलीनीकरणाच्या वेळी ते चार वर्षांचे, राज्य विसर्जित झाले तेव्हा बारा वर्षांचे. रहीम साहेब जून १९६३ मध्ये कर्करोगाने गेले. नईमुद्दीन हे त्यांच्या हाताखालून गेलेल्या अखेरच्या पिढीतले. सिटी पोलीस संघातून ते कोलकात्याला गेले, कारण हैदराबादच्या गुणवान खेळाडूची वाट तोवर कोलकात्याकडेच जाऊ लागली होती. नोकरी, पैसा, प्रेक्षक सारे तिकडे होते. रहीम यांच्यानंतर हैदराबादचे फुटबॉल का खचले, याचे निम्मे उत्तर या वाटेत आहे.

१९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत नईमुद्दीन भारताचे कर्णधार होते. उपांत्य फेरीत ब्रह्मदेशाकडून भारत हरला आणि कांस्यपदकासाठी जपानशी सामना झाला. निकाल १-० असा भारताच्या बाजूने. एक गोल केला, एकही होऊ दिला नाही. त्या शून्याचा धनी कर्णधारासह सारा बचाव होता. पुरुष फुटबॉलमध्ये आशियाई स्पर्धेतील भारताचे ते आजवरचे शेवटचे पदक आहे. अर्धशतक उलटून गेले.

यानंतरचा भाग पुरस्कारांच्या यादीत वाचावा. नईमुद्दीन प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ईस्ट बंगालने १९९० मध्ये आयएफए शील्ड, ड्युरंड आणि रोव्हर्स या तिन्ही स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या. त्याच वर्षी त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारत दक्षिण आशियाई विजेता ठरला. आणि खेळाडू म्हणून अर्जुन पुरस्कार? तो १९९७ मध्ये मिळाला. बँकॉकच्या पदकानंतर सत्तावीस वर्षांनी, आणि द्रोणाचार्य मिळाल्यानंतर सात वर्षांनी. गुरू म्हणून आधी मान्यता आणि शिष्य म्हणून नंतर, असा उलटा प्रवास. महाभारतात हे घडले असते तर कथाकारांनी त्यावर स्वतंत्र पर्व लिहिले असते.

हा उशीर एखाद्या अधिकाऱ्याच्या आळसाचा परिणाम असेल, नसेल. मला त्यात साधनांचीच गोष्ट दिसते. प्रशिक्षकाच्या नावापुढे करंडक मांडता येतात, म्हणून तो आधी दिसला. बचावपटूच्या नावापुढे मांडायला काहीच नव्हते. कर्णधारपद तेवढे होते, आणि एक शून्य.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. मराठवाड्यात फुटबॉल होतेच कुठे? आमच्याकडे कुस्ती, कबड्डी, खो-खो. फुटबॉल कोल्हापूरचे, मुंबईचे, गोव्याचे. आक्षेप बहुतांशी खरा आहे. हा खेळ हैदराबादेत रुजला तो सिकंदराबादच्या छावणीमुळे, पोलीस आणि लष्कराच्या नोकऱ्यांमुळे, शहरातल्या शाळांमुळे. तालुक्यांपर्यंत त्याची मुळे पोहोचली नाहीत. पण त्याच निकषाने पाहिले तर राजधानीत घडलेले काहीच आपले उरणार नाही. उस्मानिया विद्यापीठातील १९३८ चे वंदे मातरम् आंदोलन आपण आपल्या मुक्तिसंग्रामाचा भाग म्हणून शिकतो आणि ते योग्यच आहे. तेही हैदराबाद शहरातच घडले होते. राजधानीतला सत्याग्रह आपला आणि राजधानीतले मैदान परक्याचे, ही वाटणी मला मान्य नाही.

आता काम उरते ते साधनांचे, आणि त्यासाठी तुमची मदत हवी. नांदेड, लातूर, परभणी, बीड किंवा सीमेपलीकडच्या भैंसा, मुधोळ, आदिलाबाद भागात ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या पोलिसांत, रेल्वेत किंवा शाळांत नोकरी केली, त्यांनी घरातल्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. संघाचे समूहछायाचित्र, स्पर्धेचे प्रमाणपत्र, उर्दू वर्तमानपत्राचे कात्रण, काहीही. उर्दू वाचता येत नसेल तर छायाचित्र काढून खाली टाका, वाचून देणारे इथे पुष्कळ आहेत. आणि समूहछायाचित्र सापडलेच, तर मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांची नावे घरातल्या ज्येष्ठांना आधी विचारा. ती छायाचित्राच्या पाठीवर बहुधा लिहिलेली नसतात.